पाकोळीचे पाय

या वेळच्या टपालात पक्षीशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचीच पत्रं जास्त आली. मी हा विषय महाविद्यालयात सत्तावीस वर्षं शिकवला. त्यामुळे ही पत्रं वाचताना समोर वर्ग बसल्यासारखं वाटलं. त्यातली चार घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त जाईल, कारण तो प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऐच्छिक विषय पक्षीशास्त्र. थिअरीत मला चांगले गुण मिळतात. हवेच्या पिशव्या, सिरिंक्स म्हणजे पक्ष्यांचा आवाज काढणारा अवयव, स्थलांतर, सगळं येतं. ओळखीच्या प्रात्यक्षिकात मात्र माझी दाणादाण उडते. यादीत 120 प्रजाती आहेत आणि पुस्तकातली चित्रं मला सगळी सारखीच दिसतात. मोबाइलवरचं अ‍ॅप दोन सेकंदांत नाव सांगतं, मग ही यादी पाठ कशासाठी करायची? मी जीवशास्त्र शिकायला आले, नावं घोकायला नाही.

तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. खरी गाठ तिथेच आहे. ओळख एका कप्प्यात आणि जीवशास्त्र दुसऱ्या कप्प्यात, अशी वाटणी तू करून टाकली आहेस. बहुतेक अभ्यासक्रमांची मांडणीही तशीच असते, व्याख्यानाचा तास वेगळा आणि फील्डचा वेगळा, म्हणून तुला दोष देत नाही. मीही तशीच शिकले होते, आणि त्याची किंमत तोंडी परीक्षेत मोजली.

पदव्युत्तर वर्गाची ती परीक्षा होती. परीक्षकांनी माझ्यापुढे एक स्किन ठेवली, म्हणजे आत कापूस भरून वाळवलेला, पायाला लेबल बांधलेला पक्ष्याचा नमुना. काळसर पाठ, लांब टोकदार पंख, इवलीशी चोच आणि कानापर्यंत फाकणारं तोंड. मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "भिंगरी." ते शांतपणे म्हणाले, "पाय बघ." मी पाहिले. आखूड, जेमतेम दिसणारे पाय आणि चारही बोटं पुढच्या बाजूला वळलेली. ती पाकोळी होती. मला वाटलं, आता गुण गेले. पण त्यांनी पुढचा पक्षी काढलाच नाही. त्यांनी विचारलं, "ही तारेवर बसेल का?" मी म्हटलं, "नाही." "का नाही?" पुढची वीस मिनिटं आम्ही त्या एका पायाबद्दलच बोलत होतो.

भिंगरी तारेवर बसते कारण तिचं एक बोट मागे असतं, त्यामुळे तिला तार धरता येते. पाकोळीला ती पकड नाही. ती उभ्या भिंतीला किंवा कड्याला नखांनी लटकते आणि उरलेलं आयुष्य हवेत काढते. युरोपातल्या पाकोळ्यांच्या पाठीवर बारीक यंत्रं बसवून स्वीडनच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं, की विणीचा काळ सोडला तर काही पाकोळ्या वर्षातले दहा महिने जवळजवळ अखंड हवेतच असतात. असा पाय असलेल्या पक्ष्याचा पंखही वेगळाच. दंडाचं हाड अगदी आखूड, हाताचा भाग खूप लांब, म्हणून उडताना पंख कोयत्यासारखा ताठ दिसतो. भिंगरीचा पंख बुडाशी रुंद असतो आणि मनगटाशी मोकळा वाकतो. आकाशात एवढंसं दिसलं तरी दोघी वेगळ्या काढता येतात. नात्यानं पाहिलं तर पाकोळीची जवळची मंडळी म्हणजे हमिंगबर्ड. भिंगरी चिमण्या-बुलबुलांच्या गणातली. दोघी उडते कीटक तोंडानं टिपतात, म्हणून दोघींची अंगलट एकसारखी झाली. अभिसारी उत्क्रांती हा शब्द तू थिअरीत लिहिला असशीलच. माझ्याही उत्तरपत्रिकेत तो होता. हातात पाकोळी आल्यावर मात्र मला तो आठवला नाही.

म्हणून सांगते, ज्या खुणेवरून पक्षी ओळखायचा, ती खूण म्हणजे त्याच्या जगण्यातली एखादी गोष्ट असते. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिही : ही खूण त्याच्या अंगावर का आहे? जिथे उत्तर सापडेल तिथे घोकावं लागणार नाही.

दुसरं उदाहरण जरा अवघड आहे, पण मला ते फार आवडतं. झाडाच्या शेंड्यावर भिरभिरणाऱ्या हिरवट-पिवळसर वटवट्यांनी भल्याभल्यांना रडवलं आहे. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी 1768 मध्ये लिहून ठेवलं, की लोक ज्याला एक पक्षी समजतात ते प्रत्यक्षात तीन आहेत, कारण तिघांची गाणी वेगळी आहेत. हातात चांगली दुर्बीण नसताना नुसत्या कानानं केलेलं हे काम. त्या तिघांपैकी चिफचाफ आणि विलो वॉर्बलर ही जोडी आजही विद्यार्थ्यांना छळते. पण मिटलेल्या पंखाकडे बघ. विलो वॉर्बलरच्या पंखाची टोकाची पिसं बाकीच्या पिसांच्या बरीच पुढे आलेली असतात, चिफचाफची कमी. कारण विलो वॉर्बलर सहारा ओलांडून आफ्रिकेच्या मध्य-दक्षिण भागात जातो आणि चिफचाफांचा मोठा भाग भूमध्य समुद्राच्या आसपासच हिवाळा काढतो. लांबच्या प्रवाशाला लांब, टोकदार पंख लागतो. स्थलांतराचा धडा त्या चार-पाच मिलिमीटरमध्ये आहे. शिवाय चिफचाफ सारखी शेपटी खाली झटकत असते, पण ते का, हे मी तुला आत्ता सांगत नाही. स्वतः पाहून तर्क कर आणि वहीत लिही.

आता कामाचं. 120 नावांची यादी वरून खाली पाठ करू नकोस. आधी तिची कुळं पाड. जगात पक्ष्यांच्या साधारण 11,000 प्रजाती आहेत आणि निम्म्याहून जास्त एकट्या पॅसरिफॉर्मीस, म्हणजे चिमणीगणात मोडतात. तुझ्या यादीतही बहुधा तसंच असेल. बाकीचे गण चोच, पाय आणि बसण्याच्या ढबीवरून पटकन वेगळे पडतात. कुळ बरोबर आलं की 120चा प्रश्न सात-आठ पक्ष्यांवर येतो. मात्र दिसण्यातल्या सारखेपणाला नातं समजू नकोस. ससाणा आणि गरुड यांना मी कितीतरी वर्षं एकाच गणात शिकवलं. दोघांची चोच आकडी, दोघांच्या नख्या तीक्ष्ण. 2008 मध्ये जनुकांवर आधारलेला मोठा अभ्यास आला, 2014 मध्ये 48 पक्ष्यांच्या संपूर्ण जीनोमची, म्हणजे सगळ्या जनुकीय माहितीची तुलना झाली, आणि ससाणे गरुडांपेक्षा पोपटांच्या व चिमणीगणाच्या जवळचे ठरले. त्या वर्षी मी माझ्या टिपणवहीतली तीन पानं फाडून पुन्हा लिहिली. वर्गालाही सांगितलं की मागच्या वर्षी मी तुम्हाला चुकीचं शिकवलं.

दुसरं, पुस्तक उघडण्याआधी चित्र काढ. पक्षी दिसला की पुस्तकात डोकं घालायचं नाही. तो समोर आहे तोवर फक्त बघायचं, आणि तो गेला की लगेच वहीत काढायचं. चित्र चांगलं यायची गरज नाही. एक अंडाकृती धड, त्यावर डोकं, चोच, शेपटी आणि बाण. भुवई होती का? पंखावर पट्टा होता का? शेपटी पंखांच्या टोकापुढे किती येत होती? जे आठवणार नाही ती जागा रिकामी सोड. त्या रिकाम्या जागाच पुढच्या वेळी तुझ्या डोळ्यांना कुठे बघायचं ते सांगतील. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत जवळजवळ एकाही पक्ष्याला पाय नाहीत. मी पायांकडे बघतच नव्हते, हे मला पाकोळीनंतर कळलं.

तिसरं, एक अगदी साधा पक्षी वर्षभरासाठी दत्तक घे. कावळा घे, साळुंकी घे. रोज दहा मिनिटं. पंखातलं पीस गळून पडलेली फट दोन्ही बाजूंना सारख्याच जागी दिसेल, आणि महिनाभरात ती फट सरकलेली दिसेल. पिसं झडून नवी येण्याचा क्रम असतो. बऱ्याच पक्ष्यांत पंखाच्या टोकाकडची मोठी पिसं आतून बाहेरच्या दिशेनं एकेक बदलत जातात, म्हणून पक्षी जमिनीवर पडत नाही. पिल्लाच्या चोचीच्या कडा, जुन्या पिसांचा उडालेला रंग, विणीच्या काळातला तजेला, हे सगळं एकाच प्रजातीत इतकं बदलतं, की पुस्तकातलं एक चित्र म्हणजे त्या पक्ष्याचा जेमतेम एक दिवस. एक पक्षी असा वर्षभर पाहिलास, की "सगळे सारखेच दिसतात" ही तक्रार आपोआप जाईल.

आता अ‍ॅपबद्दल. मी ते वापरते आणि मला ते आवडतं. ते आवाजाचं चित्र करतं, म्हणजे आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर आवाजाची पट्टी, आणि ते चित्र साठवलेल्या हजारो चित्रांशी ताडून पाहतं. असं चित्र पाहून पक्ष्यांचा अभ्यास माणसांनी फार आधी सुरू केला होता. 1950च्या दशकात केंब्रिजमध्ये डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी अशा चित्रांवरून दाखवलं, की मोठ्या नराचं गाणं कधीच न ऐकता वाढवलेला चॅफिंच हा युरोपातला छोटा पक्षी गातो, पण त्याचं गाणं अर्धवट आणि ओबडधोबड राहतं. म्हणजे त्या गाण्यातला काही भाग उपजत आणि काही शिकलेला. ते चित्र तुला स्वतः वाचता आलं तर अ‍ॅप चुकतं कुठे तेही कळेल. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल हुबेहूब करतो. अ‍ॅपनं ज्याचं नाव सांगितलं तो पक्षी त्या झाडावर नसेलही. तुझ्या परीक्षकांना नावासोबत कारण हवं असतं. अ‍ॅपनं नाव दिलं, तर कारण तू शोध आणि दोन्ही वहीत लिही. कारण सापडलं नाही तर त्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाक. प्रश्नचिन्हाला मी कधीच गुण कापले नाहीत.

प्रश्न : मला लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत. पक्ष्यांची फार आवड आहे, पण मित्र म्हणतात, रंगच दिसत नसतील तर हा विषय घेऊन काय करणार? मी हा विषय घ्यावा का?

घे. आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना हे स्पष्ट सांगून टाक. ती लपवायची गोष्ट नाही. चाचणीच्या वेळी रंगावर अवलंबून नसलेल्या खुणा विचारणं त्यांना सहज जमेल.

तुझ्या मित्रांना एक गोष्ट सांग. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात आणि बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यात चार. चौथीमुळे त्यांना अतिनील प्रकाशाच्या बाजूचे रंग दिसतात. शिवाय त्यांच्या शंकूपेशींमध्ये तेलाचे रंगीत थेंब असतात, तेही रंगांतला फरक अधिक नेमका करतात. युरोपात ब्लू टिट नावाचा छोटा पक्षी आहे. त्याचे नर-मादी आपल्याला जवळजवळ सारखेच दिसतात. 1998 मध्ये कळलं, की नराच्या माथ्यावरची पिसं अतिनील प्रकाश जास्त परावर्तित करतात, आणि मादीला तो फरक दिसतो. म्हणजे पक्ष्यांचे खरे रंग तुझ्या वर्गातल्या कुणालाच दिसत नाहीत. सगळेच कमी रंगांत बघतात, तू आणखी थोड्या कमी.

आणि खरं सांगते, रंगावर फार विसंबणारे विद्यार्थी उजेड बदलला की अडकतात. पक्षी सूर्याच्या बाजूला बसला की तो काळाच दिसतो. मी पहिले तीन आठवडे सगळ्या वर्गाला फक्त पेन्सिल वापरू द्यायचे, रंग नाही. वेडा राघू फांदीवरून झेप घेतो, माशी टिपतो, त्याच फांदीवर परततो आणि माशी फांदीवर आपटतो. त्याच्या शेपटीतून मधली दोन पिसं तारेसारखी पुढे आलेली असतात. त्याचा हिरवा रंग दिसला नाही तरी तो चुकणार नाही. धोबी चालताना शेपटी खाली-वर हलवत राहतो. दयाळ ती उभी धरतो. खंड्याची चोच अंगाच्या मानानं मोठी आणि मान जवळजवळ नाहीच. जिथे प्रजाती केवळ लाल-हिरव्यावरच वेगळ्या होतात, तिथे आवाज आणि अधिवास यांचा आधार घे. तेवढ्यावरही भागलं नाही, तर सोबत्याला विचार आणि वहीत लिही की हा रंग सोबत्यानं सांगितला. निरीक्षण कुणाचं, हे लिहिणं हा शास्त्राचाच भाग आहे.

प्रश्न : मुलीनं पक्षीशास्त्र घेतलं आहे. तिच्यासाठी दुर्बीण घ्यायची आहे. 10 x 50 घ्यावी की 8 x 42? मोठी घेतली की जास्त चांगलं दिसतं ना?

तुम्ही 8 x 42 घ्या. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट जवळ दिसतो, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट मोठं दिसतं तसं हाताचं थरथरणंही दहापट मोठं होतं, आणि सहसा दिसणारा परिसर आक्रसतो. त्यामुळे नव्या माणसाला पक्षी सापडतच नाही. 42 ला 8 नं भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यात शिरणारी प्रकाशाची चकती तेवढ्या मिलिमीटरची, आणि पहाटेच्या अंधुक उजेडालाही ती पुरते. तिला चष्मा असेल तर डोळ्याकडच्या कडा खाली वळवता येतात का, ते दुकानात तिलाच लावून पाहू द्या. घरी आणल्यावर एक सराव करायला सांगा : नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली दुर्बिणीकडे बघून मग वर शोधायला लागलं की पक्षी हरवलाच. दिवसाला पन्नास वेळा, पंधरा दिवस.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत लाकडी खणांमध्ये शेकडो मेलेले पक्षी आहेत. पक्ष्यांवर प्रेम म्हणून मी हा विषय घेतला. ते खण उघडले की मला भरून येतं. हे हाताळल्याशिवाय पक्षीशास्त्र शिकता येणार नाही का?

भरून येणं चांगलं आहे. ते घालवण्याचा प्रयत्न करू नकोस. हात न लावताही पुष्कळ शिकता येईल आणि तुला अजिबातच जमणार नसेल तर शिक्षकांशी बोल. पण निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी ऐक.

1960च्या दशकात ब्रिटनमध्ये बहिरी ससाणे झपाट्यानं कमी होत होते. घरट्यात अंडी फुटलेली सापडायची. ब्रिटिश संशोधक डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतल्या अंड्यांच्या टरफलांची मापं आणि वजनं घेतली आणि 1967 मध्ये सांगितलं, की 1940च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवच एकदम पातळ झालं आहे. डीडीटी हे कीटकनाशक वापरात आल्याचा तोच काळ. शरीरात डीडीटीचं रूपांतर होऊन बनणारं द्रव्य कवचाला कॅल्शियम मिळण्याच्या आड येतं, हे नंतर उलगडलं. ती अंडी गोळा करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न माहीत नव्हता. त्यांनी जपून ठेवली आणि त्यावर तारीख लिहिली, म्हणून अर्ध्या शतकानंतर उत्तर मिळालं आणि ससाणे वाचले.

दुसरी गोष्ट शिकागोची. तिथे डेव्हिड विलर्ड यांनी 1978 पासून, काचेच्या इमारतींवर आपटून मेलेले स्थलांतरी पक्षी पहाटे उचलायला सुरुवात केली. एकही पक्षी त्यांनी मारला नाही. जवळजवळ प्रत्येकाची मापं त्यांनी स्वतःच्या हातानं घेतली आणि नोंदवहीत लिहिली. 2016 पर्यंत 52 प्रजातींचे 70,716 पक्षी झाले. त्या आकड्यांतून कळलं, की जवळजवळ चार दशकांत पक्ष्यांची शरीरं लहान होत गेली आणि पंख किंचित लांब. तापमान वाढत असताना अंग आक्रसतं, आणि लहान अंगानं तोच लांबचा प्रवास करायला पंख वाढतो, असा त्याचा अर्थ संशोधक लावतात. त्या पक्ष्यांना उचललं नसतं तर ते झाडलोटीत गेले असते.

तुमच्या खणातले बरेच पक्षी खूप जुने असतील आणि काही मारून आणलेलेही असतील. तेव्हाची पद्धत तशी होती. आज बहुतेक ठिकाणी नव्या नमुन्यांसाठी परवानगी लागते. जे झालं ते बदलता येत नाही, पण तो पक्षी वाया जाऊ न देणं तुझ्या हातात आहे.

जमेल असं वाटलं तर सुरुवात अशी कर. हात स्वच्छ धुऊन हातमोजे घाल, कारण किडीपासून वाचवायला जुन्या स्किनमध्ये आर्सेनिक भरत असत. चोचीला किंवा पायाला धरून उचलू नकोस, दोन्ही तळहातांवर पाठीखालून आधार दे. पिसांना हात लावण्याआधी पायाला बांधलेलं लेबल वाच : दिवस, ठिकाण, नर की मादी, कधीकधी पोटात काय सापडलं तेही. तो दिवस तुझ्या वहीत उतरवून घे. मग पंखाकडे बघ.